गावातल्या गावात मुक्काम

गल्लीच्या तोंडाशी मलइयोवाला बसायला लागला की थंडी आली असं आमच्याकडे समजतात. कॅलेंडर काय म्हणतं, स्वेटर ट्रंकेतून निघाले की नाही, याला कोणी विचारत नाही. आटवलेलं दूध रात्रभर गच्चीवर दवात ठेवायचं आणि पहाटे घुसळून त्याचा केशरी फेस काढायचा, की झाला मलइयो. तोंडात घातला की चव कळेपर्यंत नाहीसा होतो, आणि ऊन चढलं की विकणाऱ्याच्या परातीतूनही नाहीसा होतो. मी मूळची चिपळूणची. लग्न होऊन बनारसला आले त्या पहिल्या थंडीत ह्यांनी मोठ्या कौतुकाने मातीचं कुल्हड भरून आणून दिलं, तेव्हा मी विचारलं होतं की यात खायचं नेमकं काय आहे. हे इतके दुखावले की संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. आता मोसमातलं पहिलं कुल्हड मला लागतं, आणि त्यात कोणी वाटेकरी चालत नाही.

यंदाचं पहिलं कुल्हड परवा आलं. ह्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं, स्वतःचा मफलर सोडला आणि विचारलं, मुक्ताला काय सांगायचं?

मुक्ता आमची मुलगी, नाशिकला असते. सासूबाई गेल्यापासून तिने एकच धोशा लावलाय. आता तिथे अडकून पडायचं काही कारण नाही, शेजारच्याच इमारतीत फ्लॅट रिकामा आहे, कायमचे या. संक्रांतीला ती येईल तेव्हा तिला पक्कं उत्तर हवंय. आधार कार्डावरचा पत्ताही तेव्हाच बदलून टाकू, म्हणजे पुढची सगळी कामं सोपी होतील, असं ती म्हणते. मुलीचं काही चूक नाही. ह्यांचंही नाही. हे म्हणतात, आजवर माझ्या घरापायी तू अडकलीस, तर आता तू ठरव. पंचाईत माझी आहे. ‘एकदा मोकळे झालो की आपल्या मुलखात जाऊ’ हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या वेळा म्हटलंय, की घरातल्या भांड्यांनाही ते पाठ असेल. आता मोकळे झालो, आणि मी कुल्हडात बोट फिरवत बसले होते.

शेवटी ह्यांनीच तोडगा काढला. म्हणाले, मुन्शी घाटावर जाऊन एक रात्र राहू या का, त्या वर्षीसारखं? तिथे बसून ठरवू.

‘त्या वर्षी’ म्हटलं की आम्हा दोघांना एकच थंडी आठवते. पण ती सांगायची तर आधी आईंबद्दल सांगायला हवं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेले तेव्हा मुक्ता लहान होती. त्यांचं सगळं आटोपल्यावर आईंनी क्षेत्रसंन्यास घेतला. त्यात भगवी वस्त्रं नाहीत, घर सोडणं नाही. काशीची वेस ओलांडून बाहेर पाऊल टाकायचं नाही आणि देह इथेच ठेवायचा, एवढाच संकल्प. आईंची वेस म्हणजे उत्तरेला वरुणा नदी, दक्षिणेला अस्सी. नदीपलीकडचा काठ काशीत धरत नाहीत. तिकडे मरण आलं तर गाढवाचा जन्म मिळतो असं इथे लहान पोरही सांगतं. कधी पाहुण्यांबरोबर नावेत बसल्या, तर नाव मध्याजवळ आली की आई नावाड्याला म्हणायच्या, "बस भइया, यहीं से मोड़ लो."

बाकी त्या मजेत असत. भीती एकाच गोष्टीची होती. रात्री-बेरात्री आपल्याला काही झालं, शेजारपाजाऱ्यांनी घाईने उचलून अस्सीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तिथेच प्राण गेला तर? म्हणून रात्री घरातलं कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं, नको म्हणायला. ह्यांनी तसा शब्द दिला आणि तो पाळला. माहेरी मी मुक्ताला घेऊन एकटी जायची. गणपतीला घर माणसांनी भरलेलं असायचं, मोदक वळले जायचे, आणि कोणीतरी हमखास विचारायचं, जावईबापू नाही आले? शाळेतून रजा मिळत नाही असं मी सांगायची. शाळेत हे इतिहास शिकवायचे. एवढी वर्षं रजा न देणारी शाळा कुठली असेल, हे माहेरच्यांनी प्रेमापोटी कधी विचारलं नाही.

तर त्या वर्षी कार्तिकात मुक्ताचं लग्न झालं. आईंसाठी लग्न इथेच केलं. वऱ्हाड परतलं आणि पाठोपाठ कोहरा उतरला. धुक्याला आम्ही घरात कोहराच म्हणतो, धुकं हा शब्द मला महाबळेश्वरचा वाटतो. कपडे वाळेनात. गल्लीत ऊन यायचं बंद झालं, म्हणून दुपारभर आम्ही गच्चीवर मटार सोलत बसायचो. हवेला लाकडाच्या धुराचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास. खाली घर नुसतं खायला उठायचं. मी मुक्ताच्या खोलीत जाऊन तिचं रिकामं कपाट पुन्हा पुन्हा आवरायची. एका दुपारी मटारची टोपली मांडीवरून खाली ठेवत आई म्हणाल्या, "तुम्ही दोघं हल्ली सब्जी आणि गोळ्या सोडून काही बोलत नाही. कुठेतरी जाऊन राहा एक रात्र. मी काय लहान आहे? शेजारची गुप्ताइन येईल निजायला."

जायचं कुठे, हा प्रश्न होता. आईंना हाकेवर ठेवायचं म्हणजे वेशीच्या आत राहायला हवं. त्यावरही आईंचं उत्तर तयार होतं. गावातच खोली घ्या, नदी दिसेल अशी. लोक कुठून कुठून येतात इथे राहायला, त्यात काहीतरी असेल की.

मला त्या शेवटच्या वाक्याचं हसू आलं. लोक कुठून कुठून येतात आणि कसे राहतात, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ह्यांचे पूर्वज इथे भिक्षुकी करायला आले, तेव्हापासून काशीयात्रेला निघालेल्या नातलगांच्या नातलगांना आमचा पत्ता तोंडपाठ. गाद्या घालणं, पाणी तापवणं, संकठा देवीला नेऊन आणणं, जाताना गंगाजळाचा गडू हातात देणं, यात माझा संसार गेला. पाहुणा म्हणून मी स्वतः कुठे राहिले नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही घाटाघाटाने चालत निघालो. ह्यांच्या हातात बॅग. ती बॅग बघून ओळखीच्या प्रत्येकाने विचारलं, कुठे, स्टेशनला? मुन्शी घाटावर एक रात्र राहायला चाललोय, हे सांगायची ह्यांना इतकी लाज, की पानवाल्याला हो म्हणाले, संकठा घाटावर भेटलेल्या विद्यार्थ्याला प्रयागचं नाव सांगितलं. मणिकर्णिकेवर नेहमीसारखी लाकडं रचली होती, धूर नदीवर आडवा पसरला होता. तिथे मात्र कोणी काही विचारलं नाही. दशाश्वमेधाच्या पुढे गेलो आणि चेहरे अनोळखी झाले. एकजण पुढे येऊन म्हणाला, "बोट, साहब? मैडम, बोट?" हे थांबले, माझ्याकडे बघितलं आणि एकदम खुश झाले. आपल्याच गावात कोणी आपल्याला साहेब म्हणून नावेत बोलावतंय, याचं त्यांना कोण अप्रूप.

गेस्ट हाउस साधंच होतं. हिरव्या खिडक्या, खाली घाटाच्या पायऱ्या. मॅनेजर चाळिशीचे, अंगात बंडी, समोर शेगडी. ह्यांनी आमची आधार कार्डं पुढे ठेवली. मॅनेजरांनी ती वाचली, ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि कार्डं परत सरकवली.

"लोकल आईडी पर कमरा नहीं देते, भाई साहब."

हा नियम सगळ्या बनारसला माहीत आहे. आम्ही एवढे पाहुणे ठेवले, पण स्वतःला पाहुणे समजायची सवय नसल्याने तो आमच्या डोक्यातच आला नव्हता. हे कानटोपी काढून ताठ उभे राहिले. मी शिक्षक आहे, ही माझी पत्नी आहे, गेल्या महिन्यात मुलीचं लग्न केलंय, असं सगळं सांगून झालं. मी शालीतून मंगळसूत्र बाहेर काढलं. या वयात ते कोणाला तरी दाखवावं लागेल असं वाटलं नव्हतं. मॅनेजर सभ्य माणूस होते. सगळं ऐकून त्यांनी अदबीने एवढंच विचारलं, की घर इथेच आहे तर घरी का नाही जात?

मला तर मनातून तेच हवंसं वाटायला लागलं होतं. पण ह्यांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "घर पर फोन कर लीजिए," आणि घरचा नंबर सांगितला.

फोन आईंच्या खाटेशेजारी स्टुलावर असायचा. तरी त्या उठून पदर सारखा करून मगच तो उचलत. बरीच घंटी वाजली. मग आईंचा आवाज आला. फोनवर आपलं बोलणं दूरवर पोचायचं असतं, म्हणून त्या नेहमी ओरडूनच बोलत. त्यामुळे मॅनेजरांच्या कानाला लावलेल्या फोनमधून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"हम उनकी अम्मा बोल रहे हैं. दोनों हमारे ही हैं, बियाह भी हमीं कराए हैं. कमरा दे दो, भइया. और रजाई मोटी वाली देना, बहू को ठंड बहुत लगती है."

ह्यांचे कान लाल झाले. मॅनेजर हसू दाबत किल्ली शोधायला लागले. मी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बघत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते. कोकणातून आलेली मी, इतके हिवाळे कुडकुडत काढले आणि कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर नाजूक ठरले असते. मला थंडी वाजते हे आईंना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

खोलीत गेल्यावर मी आधी चादर झटकली, उशांचे अभ्रे सारखे केले आणि केरसुणी शोधायला लागले. हे म्हणाले, बस ना जरा. मग लक्षात आलं की हेसुद्धा चहाचे कप विसळायला मोरी शोधतायत. आम्ही दोघं हसत सुटलो. खिडकीपाशी दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा पीत, हातात काही काम नसताना, आम्ही नदीकडे बघत बसलो. मोटी रजाई दोघांच्या मांडीवर. आरतीच्या घंटा थोड्या लांबून येत होत्या. तोच आवाज घरी असताना आम्हाला ऐकूही येत नाही.

हे बोलायला लागले. ह्यांचं बोलणं आधी मुक्ताकडे गेलं, मग तिच्या लहानपणाकडे, मग आमच्या लग्नाकडे. मध्येच म्हणाले, तुझं चिपळूण काही मला नीट बघता आलं नाही. तक्रार नव्हती त्यात. जेवताना मीठ राहिलं म्हणावं तसं म्हणाले. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, एकदा मोकळे झालो की जाऊ. हे हो म्हणाले. मोकळं होणं म्हणजे काय होणं, हे दोघांनाही कळत होतं, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

सकाळी उजाडता उजाडता नावेत बसलो. पांढऱ्या पाणपक्ष्यांचे थवे लोक टाकतात त्या शेवेसाठी नावेभोवती ओरडत होते. नावाड्याने विचारलं, कहाँ से आए हैं?

"चिपळूण से," हे म्हणाले.

मी चमकून बघितलं. नावाड्याने विचारलं, वो कहाँ पड़ता है? हे म्हणाले, समुद्राकाठी. चिपळूणला समुद्र नाही, वाशिष्ठी नदी आहे, पण मी ते तसंच राहू दिलं. ज्या गावाला ह्यांना कधी राहता आलं नाही, ते त्यांनी स्वतःचं म्हणून सांगितलं होतं. नावाडी रंगात आला. अमुक महालातून दिल्लीपर्यंत बोगदा आहे, तमुक राजा रोज पोहत पलीकडे जायचा, असलं काहीबाही सांगू लागला. जन्मभर इतिहास शिकवलेले आमचे हे, अच्छा? सच में? करत ऐकत होते. मग नाव मध्याजवळ आली आणि ह्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "बस भइया, यहीं से मोड़ लो."

मला इतकं हसू आलं की नाव हलली. म्हटलं, अहो, संन्यास आईंनी घेतलाय, तुम्ही नाही. हे ओशाळले, पण तोवर नाव वळली होती. घरी आलो तेव्हा आईंनी चूड़ा-मटर करून ठेवलं होतं. बनारसी पदार्थ खरा, पण आईंच्या हाताने त्यात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी पडायचीच, म्हणजे शेवटी ते पोहेच. कसं झालं, काय बघितलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रजाई दिली का त्याने?"

एकच रात्र ती. पण त्यानंतर आमचं बोलणं सब्जी आणि गोळ्यांवर परत गेलं नाही.

आई गेल्या श्रावणात गेल्या. आपल्या खाटेवर, वेशीच्या आत, ह्यांचा हात धरून. शब्द पुरा झाला. तेव्हापासून ह्यांना रात्री झोप कमी लागते. कशाची राखण करायची ते आता समजत नाही, असं म्हणतात.

काल आम्ही पुन्हा तीच बॅग घेऊन निघालो. पानवाल्याने विचारलं, स्टेशन? या खेपेला हे म्हणाले, नाही, मुन्शी घाट, जरा राहायला. पानवाल्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मणिकर्णिकेवर हे थोडे थांबले, मीही थांबले, मग चालू लागलो.

मॅनेजर तेच आहेत. केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. कार्डं वाचली, परत सरकवली आणि तेच वाक्य म्हणाले. आणि ह्यांनीही तेच म्हटलं, त्याच सुरात. "घर पर फोन कर लीजिए." मी बाही ओढेपर्यंत नंबर सांगूनही झाला होता.

घरचा फोन बंद करायचा राहिलाय. वाजायला लागला. कुलूप लावलेल्या घरातली ती घंटी मला मॅनेजरांच्या कानाजवळून बारीक ऐकू येत होती. आता उठल्या असतील. आता पदर सारखा केला असेल. खरं सांगते, दोन-तीन घंट्या मी वाट बघितली.

मॅनेजर म्हणाले, "कोई उठा नहीं रहा."

"हाँ," हे म्हणाले. "अब कोई नहीं उठाएगा."

मॅनेजरांनी चष्मा काढला. ह्यांच्याकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, तुम्ही ते रजाईवाल्या अम्मांचे? मी मान हलवली. त्यांनी किल्ली दिली, आणि आम्ही खोलीत पोचतो न पोचतो तोच जाड रजाई घेऊन स्वतः वर आले.

खिडकीपाशी बसल्यावर वातावरण हलकं करायला हे म्हणाले, मुक्ता म्हणते तसा पत्ता बदलून टाकला, तर पुढच्या वेळी इथे झटकन खोली मिळेल. चांगला विनोद होता. आम्ही दोघंही हसलो नाही. मी रजाई ओढून घेतली आणि विचार करत राहिले. या कार्डावर मला नाशिकला खोली मिळेल, चिपळूणलाही मिळेल. देशातल्या कुठल्याही गावात मॅनेजर हसून किल्ली देईल. एक हेच गाव आहे जे म्हणतं, तुमचं घर इथे आहे, घरी जा. माझा मुलूख म्हणून मी इतकी वर्षं ज्याच्या नावाने उसासे टाकले, तिथे मी आता पाहुणी होते. हे कधी झालं, मला कळलंही नाही. आईंना कळलं असेल. त्यांना पुष्कळ गोष्टी न सांगता कळायच्या. त्या वेळी मला त्यांची इतकी आठवण आली की मी ह्यांचा हात घट्ट धरला.

आज सकाळी कोहरा विरळ होता. नावेत बसलो. पक्षी आलेत, पूर्वीइतकेच कर्कश. नावाडी नवा होता, पण वल्हं मारता मारता त्याने जुनाच प्रश्न विचारला. कहाँ से आए हैं, बाबूजी?

हे माझ्याकडे बघत राहिले. चिपळूण म्हणाले असते, नाशिक म्हणाले असते, मी काही बोलले नसते. पण त्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं, मुक्ताच्या प्रश्नासारखंच.

"यहीं के हैं," मी म्हटलं. "लोकल."

नावाड्याचा उत्साह एकदम उतरला. बोगद्याची गोष्ट त्याने काढलीच नाही. मुक्ताला संक्रांतीला हेच सांगेन, फक्त उन्हाळ्यात दोन महिने येऊ असं जोडून. ह्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला, पण डोळे हसत होते ते मला दिसलं. मी म्हटलं, आज ऊन चढून मलइयो संपायच्या आत परत यायचंय. हे म्हणाले, येऊ की. आणि नाव मध्याच्या पुढे गेली, तरी ह्यांनी ती वळवायला सांगितली नाही.